बॅटमॅनच्या टोपीची पावती

प्रश्न इचलकरंजीच्या एका पोराचा आहे. फिल्म कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सुपरहिरोची शॉर्टफिल्म करतोय. हिरो मागावर काम करणारा, रातपाळीला शॉक बसतो, पॉवर येते, मग काळं लेदर जॅकेट, हुड, मॉडिफाय केलेली बाईक वगैरे. त्याला ती 'बॅटमॅन बिगिन्स'सारखी रिअलिस्टिक पाहिजे. विचारतोय की सर, त्यांच्याकडे बक्कळ पैसा होता म्हणून तो पिक्चर खरा वाटतो का, आणि आमच्याकडे ८० हजार आहेत तर आम्ही काय करू.

तर बाळा, मी आर्ट डिपार्टमेंटचा माणूस, २६ वर्षं झाली सेट लावतोय आणि पाडतोय, त्यामुळे उत्तर पण त्याच बाजूने देणार, कॅमेरा आणि ॲक्टिंगबद्दल दुसऱ्या कुणाला विचार.

आधी पैशाचं बोलू म्हणजे तो विषय संपेल. त्या पिक्चरचं बजेट साधारण १५ कोटी डॉलर होतं, म्हणजे गरीब नव्हताच तो. पण त्याच्या आधीचा जो बॅटमॅन १९९७ ला आला होता त्याचं बजेट पण काही कमी नव्हतं, आणि त्यात सगळं शहर निऑन लाईटीत न्हाऊन निघालेलं, लग्नाच्या हॉलसारखं. तो आपटला आणि नंतर ८ वर्षं बॅटमॅनचा पिक्चरच आला नाही. म्हणजे पैशाने खरं वाटत असतं तर तो पण खरा वाटला असता की.

मग फरक कुठेय? आमच्या लाईनीत प्रत्येक शूटला एक प्रॉडक्शन अकाउंटंट असतो आणि त्याचा एकच प्रश्न असतो, हे कुठून आणलं आणि बिल कुठाय. त्याचा आम्हाला जाम वैताग येतो. पण 'बिगिन्स' बघताना मला पहिल्यांदा वाटलं की डिरेक्टर क्रिस्टोफर नोलन आणि त्याच्यासोबत स्क्रिप्ट लिहिणारा डेव्हिड गॉयर या दोघांनी तो अकाउंटंट शेजारी बसवून सिनेमा लिहिलाय. कुठलीही वस्तू फ्रेममध्ये आली की ती कुठून आली, कुणी बनवली, पैसे कुणी दिले याची पावती कुठेतरी फाडलेली आहेच.

सूटचंच बघ. तो सूट सैनिकांसाठी बनवलेला असतो, एका पीसची किंमत ३ लाख डॉलर, आणि सैनिकाच्या जिवाची तेवढी किंमत नाही असं हिशेब करणाऱ्यांना वाटलं म्हणून तो गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेला. गाडी पण आर्मीच्या पूल बांधायच्या कामासाठी केलेली आणि मग बंद पडलेल्या प्रोजेक्टची. म्हणजे हिरोने काही शोध लावलेला नाही, बापाच्या कंपनीतला डेड स्टॉक उचललाय! हे इतकं ओळखीचं वाटतं की विचारू नको, आपल्याकडे कुठल्याही कारखान्यात मागच्या शेडमध्ये असा माल पडलेला असतोच.

आणि सगळ्यात भारी ती टोपी, कानवाली. ती गुपचूप बनवून घ्यायचीय, तर बॅटमॅन आणि त्याचा बटलर आल्फ्रेड बसून ठरवतात की वेगवेगळे पार्ट वेगवेगळ्या देशांतून, दुसऱ्याच कंपन्यांच्या नावावर मागवायचे, आणि संशय येऊ नये म्हणून ऑर्डर मोठी द्यायची. किती मोठी? तर १० हजार. मग पहिली बॅच येते ती खराब निघते, ग्रॅफाईटमध्ये गडबड, बेसबॉलच्या बॅटचा एक दणका दिला की तडकते. आणि वर सांगतात की पुढचे १० हजार नीट येतील आणि डिस्काउंट पण मिळालाय. अरे, हे आमच्या फायबर मोल्डिंगवाल्याचं रोजचं बोलणं आहे! ज्याने कधी फायबरचं काम करून घेतलंय त्याला पहिला पीस तडकण्याचं दुःख माहितीये. त्या एका सीनमध्ये बॅटमॅन हा माणूस आहे हे मला जेवढं पटलं तेवढं त्याच्या आईबापाच्या मरणाने पण नाही पटलं.

गुहेत जी लिफ्ट आहे तिची सुद्धा पावती आहे. आल्फ्रेड सांगतो की पूर्वी या घराण्यातल्या कुणीतरी गुलामांना लपवून बाहेर काढायला गुहेचा वापर केला होता. एका वाक्यात काम खल्लास. आता प्रेक्षक विचारणार नाही की जमिनीखाली लिफ्ट कुणी खणली.

माझीच गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सिरीयलला, नाव नाही सांगत, हिरो चाळीत राहणारा आणि रात्री मास्क घालून फिरणारा होता. मला सांगितलं की चाळीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे त्याचा अड्डा पाहिजे. मी पण हौसेने १२ मॉनिटर लावले, निळ्या लाईटी, फिरती खुर्ची, धूर, सगळं चकाचक. शॉटच्या आधी आमचा स्पॉटदादा चहा घेऊन आला, तो स्वतः लालबागच्या चाळीत वाढलेला, त्याने एकदा सगळीकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "याचं लाईटबिल कोण भरतं?" सगळं युनिट हसलं, डिरेक्टर भडकला, मी गप्प बसलो कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. एपिसोड आला तेव्हा घरी माझ्या आईने पण जवळपास तेच विचारलं. बजेट वाढवून तो अड्डा खरा झाला नसता. मीटरमधून चोरून घेतलेली एक वायर दाखवली असती ना, तर झाला असता.

गाडीबद्दल लोक फार विचारतात म्हणून तिथे जरा थांबतो. प्रॉडक्शन डिझायनर नेथन क्रॉली आणि नोलन यांनी तिचं पहिलं मॉडेल नोलनच्या गॅरेजमध्ये बसून केलं, खेळण्यातल्या प्लास्टिक किटचे तुकडे जोडून. कल्पना अशी की लॅम्बोर्गिनी आणि हमर यांचं लग्न लावायचं. मग ती खरोखरची बनवली, अडीच टनांच्या आसपासची, व्ही-८ इंजिनची, पुढच्या दोन चाकांना जोडणारा अॅक्सल नसलेली, आणि शिकागोच्या रस्त्यावर चालवली. स्पेशल इफेक्ट्सवाल्या ख्रिस कॉर्बोल्डच्या टीमने तिला खरोखर उड्या मारायला लावल्या पण. आता सगळंच खरं होतं का, तर नाही, छपरांवरून गाडी उड्या मारते तिथे काही शॉट्सना लहान मॉडेल वापरलंय आणि वटवाघळं तर बहुतेक कॉम्प्युटरची आहेत, वटवाघळांना कोण डिरेक्शन देणार. पण खरी गाडी रस्त्यावर पळताना आपण आधी बघितलेली असते, तिचं वजन डोळ्यात बसलेलं असतं, त्यामुळे नंतरचं खोटं पचून जातं. हा क्रम लक्षात ठेव, आधी खरं दाखवायचं आणि मग त्या उधारीवर खोटं खपवायचं. आमच्यात पण असंच करतात, पहिल्या वाईड शॉटच्या दाराची कडी खरी लोखंडाची लावायची, नंतर मागचा सगळा वाडा थर्माकोलचा असला तरी कुणी बघत नाही.

आता माझा खास विषय, एजिंग. म्हणजे नवीन वस्तू जुनी करणं. सिनेमात लहानपणीचा ब्रूस, म्हणजे पुढे बॅटमॅन होणारा पोरगा, आईबापांसोबत शहरातल्या ट्रेनमधून जातो, ती बापानेच शहरासाठी उभी केलेली, डबा चकचकीत, लोक नीटनेटके. मग तो मोठा होऊन, ७ वर्षं गायब राहून परत येतो तेव्हा तीच ट्रेन, पण घाण, भिंतीवर रेघोट्या, दिवे गेलेले. शहराची वाट कशी लागली यावर एक भाषण न देता सांगून झालं. आम्ही हे काम चहाच्या पाण्याने, फुलर्स अर्थने म्हणजे मुलतानी मातीने, पॉलिश पेपरने आणि काळ्या बूट पॉलिशने करतो, आणि खरं सांगतो, याच्यावर सगळ्यात कमी खर्च येतो आणि पडद्यावर सगळ्यात जास्त हेच दिसतं. पण नव्या पोरांना वाटतं जुनं करायचं म्हणजे सगळीकडे सारखी माती फासायची. तसं नसतं रे. हात जिथे लागतो तिथे वस्तू उलट चकाकते, तेलकट होते, आणि जिथे हात पोचत नाही तिथे धूळ बसते. दाराच्या मुठीभोवती काळं वर्तुळ, स्विचबोर्डखाली पाच बोटांचे डाग, बस.

बॅटमॅनच्या गोथम शहराचं बाहेरचं बरंच काम शिकागोला झालं, पण गरीब वस्तीचा, म्हणजे नॅरोज नावाच्या भागाचा सेट इंग्लंडमध्ये कार्डिंग्टनच्या एका जुन्या शेडमध्ये लावला होता. ही शेड पूर्वी जे अजस्र फुगे उडवायचे, एअरशिप, त्यांच्यासाठी बांधलेली, साधारण ८०० फूट लांब आणि दीडशे फुटांहून उंच. आत अख्खे रस्ते, कित्येक मजल्यांच्या इमारती. गोरेगावला फिल्मसिटीत आमच्या फ्लोअरवर तराफा, म्हणजे लाईटी लावायचं वरचं मचाण, बांधला की डोक्यावर किती जागा उरते ते आठवलं की पोटात दुखतं माझ्या. पण जागेपेक्षा फायदा असा की आत कायम रात्र, पाऊस पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढा, वारा आपल्या ताब्यात. आणि त्या वस्तीचा नमुना हाँगकाँगच्या काऊलून वॉल्ड सिटीवरून घेतलेला, १९९३ ला पाडायला सुरुवात झाली ती, जिथे घरावर घर चढलेलं आणि गल्लीत ऊनच येत नसे. म्हणजे कल्पनेतलं शहर पण कुठल्यातरी खऱ्या शहराकडून उसनं आणलेलं. भिंतींना ओल आहे, पाईप आहेत, वायरी लोंबतायत, आणि कुणीतरी तिथे खरंच राहत असणार असं वाटतं.

बरं, ओरिजिनबद्दल, म्हणजे हिरो हिरो कसा होतो त्याबद्दल. तुझ्या स्क्रिप्टमध्ये ४ थ्या पानावर शॉक बसतो आणि ६ व्या पानावर पोरगं गुंडांना उडवतंय. 'बिगिन्स' २ तास २० मिनिटांचा आहे आणि पूर्ण पोशाखातला बॅटमॅन यायला जवळजवळ तासभर लागतो! त्या तासात काय होतं तर तो चुकतो. आईबापाच्या खुन्याला मारायला कोर्टात पिस्तूल घेऊन जातो, दुसराच कुणीतरी आधी मारून टाकतो, पिस्तूल पाण्यात फेकतो. जेलमध्ये मार खातो. परत आल्यावर पोलीसवाल्या गॉर्डनला भेटायला जातो तेव्हा सूटबिट काही नाही, तोंडावर काळं फडकं, आणि गॉर्डनच्या पाठीला जे टेकवतो ते पिस्तूल नसतंच, टेबलावरचं स्टेपलर असतं. मग गच्चीवरून उडी मारतो आणि नीट जमत नाही, लोखंडी जिन्यावर धडपडतो, आपटतो. अंग दुखत गुहेत येतो आणि तेव्हा कुठे त्याला कळतं की मला चिलखत पाहिजे, मला उतरायला काहीतरी पाहिजे. फेकायची ती हत्यारं पण स्वतः ग्राइंडरवर घासत बसतो.

म्हणजे प्रत्येक वस्तू त्याच्या आधीच्या फजितीतून आलीय. पुढच्या, २००८ च्या भागात पण हे चालू राहिलं. 'बिगिन्स'च्या सूटमध्ये मान नीट वळत नव्हती, खरोखरच, बॅटमॅन झालेल्या ख्रिश्चन बेलला आत गरम व्हायचं, डोकं दुखायचं, आणि तो चिडचिडेपणा त्याने रोलमध्ये वापरला असं त्याने सांगितलंय. तर पुढच्या भागात हिरोच येऊन म्हणतो की मला मान वळवता आली पाहिजे, आणि डिझाईन बदलतं. कॉस्च्युमची अडचण त्यांनी कथेत ढकलून दिली. याला म्हणतात डोकं.

बेलचं शरीर पण तसंच. आधीच्या एका सिनेमासाठी तो ५५ किलोच्या आसपास आला होता, अक्षरशः हाडं, आणि तिथून काही महिन्यांत ४० एक किलो वाढवून आला, ते पण जरा जास्तच झालं म्हणून परत कमी केलं. तुझ्या हिरोला हे करायला लावू नकोस, डॉक्टरशिवाय तर अजिबात नको. मागावर १२ तास उभा राहणारा माणूस जिमसारखा फुगलेला नसतो, त्याच्या पोटऱ्या आणि मनगटं बघ.

आता तक्रारी, कारण या सिनेमाची आरती ओवाळणारे खूप आहेत. मारामाऱ्या मला अर्ध्याच आवडतात. कॅमेरा इतका जवळ की कोण कुणाला मारतंय कळत नाही. नोलनचं म्हणणं की गुंडांना जसं दिसेल तसं दाखवायचं, अचानक, तुकड्यातुकड्यात. गोदीवरच्या पहिल्या सीनला हे एकदम बसतं, भुताच्या सिनेमासारखं एकेक माणूस अंधारात ओढला जातो. पण प्रत्येक वेळी तेच केलं की मग फाईट मास्टरची मेहनत वाया जाते, आणि ती मारामारीची पद्धत, कीसी म्हणतात, कोपरं आणि जवळून दणके, बिचारी नीट दिसतच नाही.

आणि विज्ञान? ते मशीन आठव शेवटचं, मायक्रोवेव्हवालं, जे पाईपमधल्या पाण्याची वाफ करतं. माणसाच्या अंगात पण निम्म्याहून जास्त पाणीच आहे की, मशीनशेजारी उभी राहून ही लोकं मारामारी करतायत आणि कुणाला साधा चटका नाही! पंखांचं पण तेच. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठातल्या ४ विद्यार्थ्यांनी हिशेब मांडला होता की १५० मीटर उंच बिल्डिंगवरून त्या केपने, म्हणजे पाठीवरच्या झग्याने, तो साडेतीनशे मीटर तरंगत जाईल खरा, पण खाली पोचताना वेग ताशी ८० किलोमीटर असेल. म्हणजे उतरला की संपला. पण हे थिएटरमध्ये बसून कुणाला आठवत नाही, केप कशाची, करंट दिल्यावर कडक होणारं कापड, ते गोडाऊनमध्ये आधी हातात घेऊन दाखवलेलं असतं. आणि मायक्रोवेव्ह मात्र आठवतो, मला तरी पहिल्याच शोला आठवला. कारण ते मशीन आपण कधी चालताना, बिघडताना, कुणाच्या हाताखाली बघितलेलं नसतं, एका बोटीवरून चोरीला जातं आणि थेट क्लायमॅक्सला येतं. पावती आहे पण घाईत फाडलेली. विज्ञान दोन्हीकडे कच्चंच, एक पचलं आणि एक अडकलं.

आता तुझं काम. इचलकरंजीचा पोरगा असून तू गोष्टीत इचलकरंजी कुठे घातलीस? शॉक तर काय कुठेही बसतो. मी तिकडे एका डॉक्युमेंटरीला ४ दिवस होतो. मागाच्या खात्यात शिरलो तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना, आणि तिथली लोकं मात्र आरामात गप्पा मारतायत, हातवाऱ्यांनी आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून. मला संध्याकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती. अरे हीच पॉवर आहे! १५ वर्षं मागावर काढलेला माणूस, कानाने अर्धा बहिरा झालेला, तो रस्त्याच्या पलीकडच्या हॉटेलात काचेमागे कोण काय बोलतंय ते ओठांवरून वाचतो. पावती आहे, किंमत पण मोजलेली आहे, कान गेलाय त्याचा. आणि व्हीएफएक्सला रुपया लागत नाही. साऊंड डिझायनरला मात्र चांगला पकड, आवाज जातो आणि उरतो त्याच्यावर तुझी अर्धी फिल्म उभी राहील.

शॉक ठेवायचाच असेल तर ठेव, पण मग आदल्या सीनला ती वायर दाखव, कुणी जोडली, मालकाला सांगून किती दिवस झाले, जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, काय म्हणाला.

जॅकेट कॅन्सल कर. पैसे कुठून आले त्याच्याकडे लेदरला, आणि मे महिन्यात तिकडे लेदर घालून कोण फिरेल, गुन्हेगार पकडायच्या आधी हाच चक्कर येऊन पडेल. त्याच्याकडे कापड आहे की रे, दिवसभर तेच तर विणतो! मागावरून उतरलेलं कोरं कापड, रिजेक्ट झालेला तागा, कडेला फॉल्ट असलेला. तो बायकोने किंवा बहिणीने घरच्या मशीनवर शिवलेला, आणि काळा रंग घरी बादलीत दिलेला, म्हणून काखेत आणि शिवणीजवळ नीट न चढलेला. पहिल्या रात्री घामाने रंग सुटतो आणि सकाळी मान काळी, कामावर सगळे विचारतात हे काय लागलंय. हा सीन मला पाहिजे. कापड धुवून रंगवून टेस्ट कर आधी, एकाच रंगाच्या पुडीवर विसंबू नको, आणि कंटिन्यूटीसाठी, म्हणजे सीनमागून सीनला कपडा जुळावा म्हणून, तेच ३ सेट शिवून घे, पहिला कोरा, दुसरा विटलेला, तिसरा फाटलेला.

बाईक पण नको, सायकल दे. नाहीतर मालकाची तागे वाहायची टेम्पो रात्री लपवून काढतो असं कर, मग सकाळी डिझेल कमी कसं झालं याची भानगड आपोआप होईल.

८० हजारांतले निदान १५ आर्टला बाजूला काढ, कॅमेऱ्याच्या भाड्यात सगळे घालवू नको. शूटच्या आधी एक दिवस खात्यात नुसता बसून ये, मोबाईलवर फोटो काढ, मालकाला विचारून काढ, माणसांचे काढायचे तर त्यांनाही विचार. मशीनचे, खिळ्यावर टांगलेल्या डब्याच्या पिशव्यांचे, देवाच्या फोटोवर बसलेल्या कापसाच्या धुळीचे. मग एका वहीत प्रॉपर्टीची, म्हणजे फ्रेममध्ये येणाऱ्या वस्तूंची, लिस्ट कर आणि शेजारी एक कॉलम आख, 'कुठून आलं'. जिथे तो रकाना रिकामा राहील तिथे एकतर सीन लिही नाहीतर वस्तू काढ. ती लिस्ट मला पाठव, स्क्रिप्ट नंतर बघू. आणि रंग देताना हातमोजे घाल, तो आठवडाभर नखातून जात नाही.